पायाच्या धमन्या: सबुरी कुठे, घाई कुठे

चालायला लागले की शे-दोनशे पावलांत पोटरीत गोळा येतो. थांबले की दोन-चार मिनिटांत जातो, आणि पुन्हा तेवढेच अंतर चालले की पुन्हा येतो. या तक्रारीला आपल्याकडे ‘आता वय झाले’, ‘वात असेल’, ‘नस दबली असेल’ अशी उत्तरे मिळतात. कोणी तेल चोळून घेते, कोणी गुडघ्याचा एक्स-रे काढून येते, कोणी चालणेच सोडून देते. यातला शेवटचा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक. पायाला रक्त पुरवणारी धमनी अरुंद झाल्याची ही खूण असते, आणि तिच्यावरचा पहिला उपचारच चालणे हा आहे.

जगभरात या आजाराचे २० कोटींहून अधिक रुग्ण असावेत असा अंदाज आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचाच आकडा १० कोटींच्या घरात निघाला, आणि मधुमेह हे या आजाराचे एक प्रमुख कारण आहे. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांची धास्ती आता घरोघरी पोचली आहे. पायाच्या धमन्यांचे नाव मात्र बोट काळे पडेपर्यंत कोणी काढत नाही.

गेल्या पाऊणशे वर्षांतला उपचारांचा पुरावा एकत्र ठेवून पाहिला, तर एक उफराटा प्रकार लक्षात येतो. नुसते चालताना दुखते अशा रुग्णाने सबुरीने घ्यायला हवे, पण त्याला धमनी रुंद करणारा फुगा आणि ती उघडी ठेवणारी जाळी यांची घाई होते. ज्याच्या पायाला न भरणारी जखम आहे त्याचा एकेक दिवस मोलाचा, पण तो महिनोन्महिने मलमपट्टीत अडकतो.

धमनीत काय घडते

धमनीच्या आतल्या अस्तराखाली कोलेस्टेरॉल, दाहपेशी, तंतू आणि पुढे चुना असे थर वर्षानुवर्षे साचत जातात. रक्ताच्या वाटेची रुंदी कमी होते. गणित असे, की नळीची त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाखाली वाहणारा प्रवाह निम्मा होत नाही, तो तत्त्वतः सोळाव्या हिश्शावर येतो. शरीर आजूबाजूच्या लहान वाहिन्या रुंद करून पर्यायी वाट काढते, म्हणून बसल्या जागी काही जाणवत नाही. चालताना स्नायूंची मागणी कित्येक पटींनी वाढते आणि तेव्हा पुरवठा अपुरा पडतो. दुखणे चालताना येण्याचे आणि थांबल्यावर जाण्याचे कारण एवढेच.

अडथळा कुठे आहे यावर दुखण्याची जागा ठरते. ओटीपोटातल्या धमन्या अरुंद असतील तर कुल्ला आणि मांडी भरून येते. पुरुषांत त्याबरोबर लैंगिक दुर्बलताही येते. मांडीतली धमनी अरुंद असेल तर पोटरी दुखते. मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या आजारात गुडघ्याखालच्या बारीक धमन्या आधी बंद होतात. त्यातच मधुमेहाने पायाच्या संवेदना बधिर झालेल्या असल्या तर दुखण्याची पूर्वसूचनाच मिळत नाही. आजार समोर येतो तो थेट जखमेच्या रूपात.

कारणांमध्ये तंबाखू आणि मधुमेह यांचा वाटा सर्वांत मोठा. त्यामागोमाग वाढते वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाचा आजार. प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या २०१६-१७ मधील राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेतात असे आढळले. त्यांतले बहुसंख्य ओढणारे नाहीत, ते मळून खाणारे किंवा मशेरी लावणारे आहेत. धमन्यांच्या आजाराबाबत धूम्रपानाविरुद्धचा पुरावा जितका भक्कम आहे तितका मशेरीविरुद्धचा नाही. पण निकोटीन रक्तवाहिन्या आखडवते, मग ते विडीतून येवो की मशेरीतून. त्यामुळे ‘मी ओढत नाही, नुसती लावते’ ही पळवाट कामाची नाही.

विडीशी जोडलेला एक सख्खा भाऊ या आजाराला आहे: बर्जरचा आजार. न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. यात चरबीचे थर नसतात. पंचेचाळिशीच्या आतल्या, बहुधा पुरुष असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांच्या हातापायांच्या लहान धमन्यांना दाह होऊन त्यांत गुठळ्या होतात. पाश्चात्त्य देशांपेक्षा भारतात त्याचे प्रमाण जास्त दिसते. तंबाखू पूर्ण बंद केली तर पाय गमावण्याची वेळ क्वचितच येते. दिवसाला दोन विड्या चालू ठेवल्या तरी आजार जिवंत राहतो. ‘कमी केली आहे, डॉक्टर’ या उत्तराला इथे काही किंमत नाही.

ओळखायचे कसे

पाय दुखण्याची कारणे अनेक, म्हणून भेद करता येणे महत्त्वाचे. मणक्यातला मार्ग अरुंद होऊन नसा दबल्या तरी चालताना पाय भरून येतात. अशा माणसाला नुसते उभे राहून आराम पडत नाही. त्याला बसावे किंवा पुढे वाकावे लागते. हातगाडी ढकलत किंवा सायकलवर तो खुशाल लांब जातो. धमनीच्या रुग्णाला मात्र जागच्या जागी उभे राहिले तरी पुरते.

दुसरी गल्लत व्हेरिकोज व्हेन्सशी होते. पोटरीवर फुगलेल्या निळ्या, वेड्यावाकड्या शिरा हा नीलांचा आजार. त्यात दिवसभर उभे राहिल्याने पाय ठणकतात आणि पाय वर घेतले की बरे वाटते. धमनीचा आजार बळावल्यावर याच्या उलट होते. रात्री आडवे झाल्यावर बोटे आणि चवडा असह्य दुखू लागतो आणि पाय खाटेवरून खाली लोंबकळत सोडला की जरा बरे वाटते. हा फरक केवळ ज्ञानासाठी नाही. व्हेरिकोजसाठी दिले जाणारे घट्ट मोजे धमनी बंद असलेल्या पायाला इजा करू शकतात, म्हणून मोजे घालण्याआधी पायाची नाडी पाहिलीच पाहिजे.

नाडी पाहायच्या दोन सोप्या जागा आहेत: आतल्या घोट्याच्या मागची खाच आणि पावलाचा वरचा भाग. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, त्यामुळे घोट्यामागची न लागणे जास्त अर्थपूर्ण. बोटांना काही लागत नसेल किंवा शंका असेल तर खरी कसोटी घोट्याच्या रक्तदाबाची. रुग्णाला दहा मिनिटे आडवे झोपवतात. दोन्ही दंडांना आणि मग दोन्ही घोट्यांच्या वर रक्तदाबाचा पट्टा बांधतात. स्टेथोस्कोपऐवजी पेनाएवढी डॉप्लरची कांडी जेल लावून नाडीवर धरली की ‘फुस्स-फुस्स’ असा प्रवाहाचा आवाज येतो. पट्टा फुगवला की तो बंद पडतो आणि हवा सोडताना ज्या आकड्याला पहिल्यांदा परत येतो तो घोट्याचा दाब. त्याला दंडाच्या दाबाने भागायचे. दंडाचा १५०, घोट्याचा ९० असेल तर उत्तर ०.६. या गुणोत्तराला डॉक्टर एबीआय म्हणतात. १ ते १.४ सामान्य, ०.९ किंवा त्याखाली आजार. १.४ च्या वर गेले तर आनंद मानू नये. धमनीची भिंत चुन्याने इतकी कडक झाली आहे की पट्ट्याने ती दबतच नाही, असा त्याचा अर्थ. मधुमेहींत हे वारंवार घडते. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात, कारण बोटांच्या धमन्यांत सहसा इतका चुना साचत नाही.

ही तपासणी पंधरा मिनिटांची आहे. तिला सुई टोचावी लागत नाही, सीटी स्कॅन लागत नाही आणि प्रशिक्षित परिचारिका ती उत्तम करू शकते. तरी आपल्याकडे ती फार थोड्या दवाखान्यांत होते. धमनीचे चित्र काढणाऱ्या पुढच्या तपासण्या, म्हणजे कलर डॉप्लर, सीटी अँजिओग्राफी, अँजिओग्राम, या हस्तक्षेप करायचे ठरत असेल तेव्हाच्या. निदानासाठी त्या पहिल्या पायरीवर लागत नाहीत.

पाय दुखतो, धोका हृदयाला

निदान झाले की रुग्णाचा पहिला प्रश्न असतो, ‘पाय कापावा लागेल का?’ चालताना दुखते एवढीच तक्रार असलेल्या शंभर जणांमागे पाच वर्षांत सत्तर-ऐंशी जणांचे पाय आहेत तसेच राहतात, दहा-वीस जणांचे दुखणे वाढते, आणि पाय धोक्यात येण्याची वेळ एक-दोघांवरच येते. याच शंभरांतल्या सुमारे वीस जणांना त्या पाच वर्षांत जीवघेणा न ठरलेला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होतो आणि दहा-पंधरा जण दगावतात, बहुतेक हृदय आणि रक्तवाहिन्यांच्याच आजाराने. पायातली धमनी अरुंद झाली आहे म्हणजे शरीरातल्या इतर धमन्याही तशाच असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून उपचाराचे पहिले उद्दिष्ट माणूस जगवणे, दुसरे त्याला चालता करणे. अडथळा काढणे हे स्वतंत्र उद्दिष्ट नाहीच.

पहिल्या उद्दिष्टासाठीची औषधे ठरलेली आणि बहुतांशी स्वस्त आहेत. स्टॅटिन गटातली गोळी कोलेस्टेरॉलचा अहवाल ‘नॉर्मल’ असला तरी द्यायची. वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली न्यावे असे अमेरिकी मार्गदर्शिका सांगते, युरोपीय ५५ च्या खाली म्हणते. रक्त गोठू नये म्हणून ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल. १९९६ सालच्या ‘कॅप्री’ या मोठ्या चाचणीत पायाच्या धमन्यांच्या रुग्णांना क्लोपिडोग्रेलचा फायदा थोडा जास्त दिसला. अलीकडे ॲस्पिरिनच्या जोडीला रिव्हारोक्सॅबान अगदी कमी मात्रेत देतात. अडथळा काढल्यानंतरच्या रुग्णांवरील २०२० सालच्या ‘व्हॉयेजर’ चाचणीत तीन वर्षांत पाय किंवा हृदयावरचे मोठे संकट येण्याचे प्रमाण त्यामुळे १९.९ टक्क्यांवरून १७.३ वर आले. त्याबरोबर रक्तस्रावाचा धोकाही वाढतो, म्हणून हे औषध सरसकट सर्वांसाठी नाही. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे ओघाने आलेच.

चालण्याचे शास्त्र

‘रोज थोडे चालत जा’ हा सल्ला सगळेच देतात, पण तो अपुरा आहे. पुरावा आहे तो ठरावीक पद्धतीच्या चालण्याला. आठवड्यातून किमान तीन दिवस, दर वेळी तीस ते पन्नास मिनिटे, किमान बारा आठवडे. दुखायला लागेपर्यंत चालायचे, दुखणे बऱ्यापैकी वाढू द्यायचे, मग थांबायचे. दुखणे पूर्ण गेले की पुन्हा चालायचे. दुखण्याच्या आधीच थांबणाऱ्यांना फायदा होत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत दुखणार नाही अशा बेताने वर्षभर चाललेल्यांची प्रगती व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा सरस नव्हती. दुखेल इतक्या वेगाने चालणाऱ्यांची होती. या दुखण्याने पायाचे नुकसान होत नाही, हे रुग्णाला पटवणे हाच अर्धा उपचार.

हा व्यायाम आणि जाळी यांची समोरासमोर तुलनाही झाली आहे. ओटीपोटातल्या धमन्या अरुंद असलेल्या १११ रुग्णांवरील ‘क्लेव्हर’ चाचणीत सहा महिन्यांनी देखरेखीखाली व्यायाम करणारे रुग्ण जाळी बसवलेल्यांपेक्षा ट्रेडमिलवर जास्त वेळ चालू शकले. स्वतःला किती बरे वाटते या प्रश्नाला मात्र जाळीवाल्यांची उत्तरे अधिक समाधानाची होती. दीड वर्षाने दोन्ही गट जवळपास सारखे होते. अमेरिकेच्या मेडिकेअर विमायोजनेने २०१७ पासून बारा आठवड्यांत अशा ३६ सत्रांचा खर्च द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे अशी सोय क्वचितच मिळते; पण सपाट रस्ता, घड्याळ आणि दर आठवड्याला विचारपूस करणारे माणूस एवढ्यावर ती घरी उभी करता येते. पायाला जखम असेल तर मात्र हा व्यायाम करायचा नाही.

चालण्याचे अंतर वाढवणाऱ्या गोळ्यांत सिलोस्टाझोल उपयोगी आहे. डोकेदुखी, धडधड, जुलाब हे तिचे त्रास, आणि हृदय निकामी होत असलेल्या रुग्णाला ती अजिबात द्यायची नाही. अजूनही अनेक चिठ्ठ्यांवर दिसणाऱ्या पेंटॉक्सिफायलीनचा उपयोग मार्गदर्शिका मानत नाहीत. २०२५ साली आलेल्या ‘स्ट्राइड’ चाचणीत मधुमेही रुग्णांमध्ये सेमाग्लुटाइडच्या आठवड्याला एका इंजेक्शनने वर्षभरात चालण्याचे अंतर बनावट इंजेक्शनच्या तुलनेत सुमारे १३ टक्क्यांनी अधिक सुधारले. औषध महाग आहे. दिशा आशादायक आहे.

शस्त्र, फुगा आणि जाळी

अडथळ्याला वळसा घालण्याची आधुनिक वाट फ्रेंच सर्जन जाँ कुन्लँ यांनी १९४८ साली पॅरिसमध्ये दाखवली. रुग्णाच्याच पायातली लांब नीला वापरून त्यांनी मांडीपासून गुडघ्यामागपर्यंत बायपास केला. त्याच सुमारास कमरेजवळच्या नसांच्या गाठी कापून वाहिन्या सैल करण्याची शस्त्रक्रिया जोरात होती. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांच्यावर मार्च १९४९ मध्ये ती झाली. ते भरपूर धूम्रपान करत. आज तिची जागा फारच थोडी उरली आहे.

१६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड इथे क्ष-किरणतज्ज्ञ चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या मांडीतल्या धमनीत, क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या घालून अडथळा रुंद केला. पाय कापून घ्यायला तिने साफ नकार दिला होता. पाय वाचला, आणि सुरीविना धमनी उघडता येते हे सिद्ध झाले. झ्युरिकला आन्द्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७४ मध्ये फुग्याची अँजिओप्लास्टी पहिल्यांदा केली तीही पायाच्याच धमनीत. हृदयाची पाळी १९७७ मध्ये आली.

बायपास की फुगा, हा वाद अजून मिटलेला नाही. पाय धोक्यात असलेल्या १,८३० रुग्णांवरील ‘बेस्ट-सीएलआय’ चाचणीने २०२२ मध्ये सांगितले, की पायातली लांब नीला चांगली असेल तर बायपास सरस: पायावरचे मोठे संकट किंवा मृत्यू ४२.६ टक्क्यांत, फुग्याच्या गटात ५७.४ टक्क्यांत. पुढच्याच वर्षी ‘बेसिल-२’ने ३४५ रुग्णांत उलटा कौल दिला: पाय गमावणे किंवा मृत्यू बायपासच्या गटात ६३ टक्के, फुग्याच्या गटात ५३. दुसऱ्या चाचणीत गुडघ्याखालच्या धमन्यांवर उपचार लागणारेच रुग्ण होते आणि मोजमापेही वेगळी होती. यातून निघणारा व्यवहारी अर्थ असा: अडथळा कुठे आहे, नीला कशी आहे आणि रुग्णाची ताकद किती, हे पाहून ठरवावे, आणि दोन्ही पद्धती हाताशी असलेल्या ठिकाणी ठरवावे. ज्या रुग्णालयात फक्त फुगा मिळतो तिथे सल्लाही फुग्याचाच मिळणार.

औषध लावलेल्या फुग्यांवर आणि जाळ्यांवर २०१८ च्या अखेरीस मृत्युदर वाढत असल्याचा ठपका आला होता. अधिक पुरावा तपासून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये तो धोका दिसत नसल्याचे सांगितले. धमनी उरलीच नसेल तर नीलेलाच धमनीचे काम देणाऱ्या उपचारालाही त्याच वर्षी तिथे मान्यता मिळाली. रसायन शिरेतून चढवून धमनीतला चुना ‘विरघळवण्याच्या’ किलेशन उपचाराच्या जाहिराती मात्र डोळे झाकून बाजूला ठेवाव्यात. पायाच्या धमन्यांसाठी त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

चालताना दुखणाऱ्या रुग्णासाठी मार्गदर्शिकांचा कौल स्पष्ट आहे. आधी औषधे आणि व्यायाम. तीन महिने नेटाने करूनही रोजगार किंवा रोजचे जगणे अडत असेल तरच फुगा किंवा शस्त्रक्रिया. ‘पुढे पाय कापावा लागू नये म्हणून आताच जाळी बसवून घ्या’ हा युक्तिवाद पुराव्यावर टिकत नाही. जाळी बुजू शकते, आणि मग पाय आधीपेक्षा वाईट अवस्थेत सापडू शकतो.

जिथे थांबायचे नाही

आता नाण्याची दुसरी बाजू. आराम करतानाही दोन आठवड्यांहून अधिक काळ पाय दुखणे, न भरणारी जखम किंवा काळे पडलेले बोट, ही पाय धोक्यात असल्याची लक्षणे. योग्य उपचार न मिळालेल्या अशा रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा वर्षभरात पाय गमावतो आणि जवळपास तेवढेच दगावतात.

आपल्याकडे या जखमा क्षुल्लक गोष्टींतून सुरू होतात. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहण्याचे व्रत, पायी वारीत चपलेने केलेला फोड, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या, घरी ब्लेडने कापलेले कुरूप, बधिर पाय शेकायला घेतलेले कढत पाणी. निरोगी पायात हे आठवड्याभरात भरून येते. रक्त पोचत नसलेल्या पायात ते वाढत जाते. मग हळद, मलम, ड्रेसिंग, प्रतिजैविके असे चक्र चालते आणि नाडी कोणीच पाहत नाही. पुढे बोट कापले जाते. रक्त नाही म्हणून ती जखमही भरत नाही. मग चवडा, मग गुडघ्याखाली, मग गुडघ्यावर.

हे चक्र तोडणारा नियम साधा आहे: आधी रक्तपुरवठा, मग छाटणी. पू पसरत असेल तर तो ताबडतोब काढावाच लागतो. पण तसे नसेल तर धमन्यांची तपासणी झाल्याशिवाय बोटसुद्धा कापू देऊ नये. गुडघा वाचला तर कृत्रिम पायावर चालणे पुष्कळ सोपे होते, म्हणून किती वर कापायचे हाही प्रश्न रक्तपुरवठा पाहूनच सोडवायचा असतो. रक्तवाहिन्यांचे सर्जन मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत, त्यामुळे तालुक्याच्या डॉक्टरांनी वेळेवर पुढे पाठवणे हीच निर्णायक कृती ठरते. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या उपचारांची चौकशी संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे त्याच दिवशी करावी.

आणि एक प्रसंग तासांत मोजायचा. पाय अचानक पांढरा, गार आणि बधिर पडला, हलवता येईना, असह्य दुखू लागला, तर धमनीत गुठळी अडकली असे समजून निघावे. साधारण सहा तासांनंतर स्नायू मरू लागतात. चोळू नये, शेकू नये, सकाळची वाट पाहू नये.

मधुमेह असेल, तंबाखूची सवय असेल किंवा वय पासष्टच्या पुढे असेल, तर पुढच्या तपासणीला चपला-मोजे काढून बसा आणि घोट्यामागची नाडी पाहायला डॉक्टरांना स्वतःहून सांगा. चालताना दुखत असेल तर तंबाखू सोडून तीन महिने नेटाने चाला आणि जाळीची घाई करू नका. जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर मलम बदलत बसू नका, धमन्या तपासून घ्या.